नोकरीतील चाचण्या : देहाची अवस्था आणि चारित्र्याचा निष्कर्ष

वरूडच्या एस.टी. आगारातून निघणाऱ्या चालकाच्या हाती प्रवाशांचे प्राण असतात. त्याची मद्यचाचणी रास्तच होय. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार वाहन चालविताना १०० मि.लि. रक्तात ३० मि.ग्रॅ.हून अधिक अल्कोहोल आढळणे हा गुन्हा आहे. श्वासचाचणी त्या वेळची अवस्था दर्शविते. मूत्रचाचणीचे तसे नाही. नियमित सेवन करणाऱ्याच्या मूत्रात गांजाचे अवशेष काही आठवडे टिकू शकतात. त्यावरून कामावरील नशा सिद्ध होत नाही. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधानेही प्राथमिक चाचणी सकारात्मक येऊ शकते. म्हणून दुसऱ्या, अधिक अचूक चाचणीने खातरजमा आवश्यक ठरते.

प्रामाणिकपणा मोजण्याचा दावा याहून दुर्बल आहे. पॉलिग्राफ यंत्र असत्य नव्हे, तर रक्तदाब, श्वसन व घाम यांतील बदल नोंदविते. भयभीत झालेला सत्यवादीही त्यात दोषी भासू शकतो. अमेरिकेने १९८८ च्या कायद्याने बहुतेक खाजगी मालकांना नोकरीसाठी ही चाचणी घेण्यास मनाई केली. भारतात ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ (२०१०) या फौजदारी तपासाविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची पॉलिग्राफ चाचणी घटनाबाह्य ठरविली. परंतु नोकरीची निकड असलेल्या उमेदवाराची संमती तरी कितपत स्वेच्छेची असते?

तात्पर्य, चाचणी कामातील धोक्यापुरतीच असावी; देहाच्या नोंदीवरून माणसाच्या चारित्र्याचा निवाडा करू नये.