आई पडायला शिकते

मागच्या दिवाळीत घरी गेले तर दोरीवर एक जाडजूड पांढरा डगला वाळत होता. धाकट्याने कराटे लावलं असेल असं मला वाटलं.

"माझा आहे तो. ज्युदोचा," आई पोळी लाटता लाटता म्हणाली. "सोमवार-गुरुवार जाते मी."

माझी आई ४७ वर्षांची. पोस्टात नोकरी, गुडघ्यांची कुरकुर, आणि खेळ म्हणाल तर शाळेतली लंगडी! मी हसले. बाबा तर आधीच हसून मोकळे झाले होते. "अगं, या वयात कुणाला आपटणार आहेस तू?" आईचं उत्तर मात्र मला हॉस्टेलवर परत आल्यावरही सुटलं नाही. "मला कुणाला आपटायचं नाहीये. मला पडायला शिकायचंय."

त्याच्या दोन वर्षं आधी आजी बाथरूमच्या उंबऱ्यावर घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ती धड उभी राहिलीच नाही. आठ महिन्यांनी गेली. तिचं सगळं आईनेच केलं. त्यानंतर आई स्वतः बाथरूममध्ये भिंत धरून जायला लागली. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढणंही तिने बंद केलं. आम्हाला वाटायचं, थकलीय. खरं तर ती घाबरली होती.

ही भीती उगाच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे मरतात, आणि त्यात साठी ओलांडलेले सगळ्यात जास्त. पण भीतीची गंमत अशी की ती माणसाला अजून पाडते. पडू म्हणून कमी चालायचं, कमी चालल्यामुळे पाय कमजोर व्हायचे, आणि पाय कमजोर झाले की पडणं ठरलेलं. म्हणजे चक्क पॉझिटिव्ह फीडबॅक लूप!

पडणं आणि आपटणं

आता थोडं मेकॅनिक्स. (आर्ट्सवाल्या पाहुण्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.)

समजा ६० किलोचा माणूस उभ्याने पडला. गुरुत्वमध्य कमरेजवळ, साधारण ९० सेंटीमीटरवर. ढोबळ हिशोबाने जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला ४.२ मीटर आणि मोमेंटम सुमारे २५० येतो. हा मोमेंटम शून्य तर व्हायलाच हवा, प्रश्न आहे तो किती वेळात. ०.०२ सेकंदात झाला तर सरासरी बल १२,५०० न्यूटन, म्हणजे सव्वा टनाचं वजन अंगावर आल्यासारखं. तोच ०.१ सेकंदात झाला तर २,५०० न्यूटन. वेळ पाचपट, बल एक पंचमांश. शिवाय ते बल मनगटाएवढ्या जागेवर येतं की अख्ख्या पाठीवर पसरतं, यावर हाड मोडणार की नुसतं "आई गं!" होणार ते ठरतं.

आपण पडताना नेमकं उलटं करतो. अंग ताठ करतो आणि हात पुढे टाकतो. सगळा भार तळहातावर, तिथून मनगटावर. मनगटाजवळच्या या मोडण्याला कॉलिस फ्रॅक्चर म्हणतात. कॉलिस या आयरिश सर्जनने त्याचं वर्णन १८१४ मध्ये केलं. दोनशे वर्षं झाली, आपण अजून तसेच पडतोय. आपल्या मेसच्या मावशी ऑगस्टमध्ये भांडी घासायच्या जागी घसरल्या आणि हात प्लास्टरमध्ये घेऊन बसल्या, तोही असाच प्रकार.

आपल्या तालमीतल्या वस्तादांना हे गणित न मांडता माहीत होतं. आखाड्याची लाल माती खणून, चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद घालून मऊ ठेवतात. मऊ माती म्हणजे थांबायला जास्त वेळ. धोबीपछाड खाल्लेला पैलवान उठून परत उभा राहतो तो काही अंशी त्या मातीच्या जिवावर.

उकेमी

जमीन मऊ नसेल तर? मग स्वतःच मऊ व्हायचं! ज्युदोत याला उकेमी म्हणतात. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात, मोजक्या शिष्यांना घेऊन ज्युदो सुरू केला. स्वतः कानो अंगाने लहान, पोरवयात दांडग्या मुलांचा त्रास सोसलेले. जुन्या जुजुत्सूतले धोकादायक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून काढले आणि पडण्याच्या शिक्षणाला महत्त्व दिलं. कारण साधं आहे. जोडीदार रोज धड पडू शकला तरच रोज फेकायचा सराव होणार.

मागे पडण्याची उकेमी अशी. हनुवटी छातीला लावायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. (डोकं जमिनीला लागू न देणं हा सगळ्यात मोठा नियम, बाकी सगळं नंतर.) पाठीची कमान करून खुर्चीच्या रॉकरसारखं गोल जायचं. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट आपटायचे. श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. कोपर टेकू द्यायचं नाही. कुशीवर पडायची उकेमी वेगळी, पुढे कोलांटी घेत खांद्यावरून तिरकं जायची वेगळी.

उभ्याने पडणं पहिल्या दिवशी कुणी शिकवत नाही. आधी झोपूनच नुसते हात आपटायचे. मग बसून, मग उकिडवं बसून, मग उभं राहून. उंची हळूहळू वाढवायची, म्हणजे ऊर्जाही हळूहळू वाढते. आईला उभ्याने पडायला अडीच महिने लागले. तिच्याबरोबरच्या सहावीतल्या पोराला एक आठवडा. तो तिला ओरडून सांगायचा, "काकू, मान आत!" त्याचे सर तिशीतले, तेही काकूच म्हणतात. आईला त्याचं काही वाटत नाही. ती म्हणते, "बारा वर्षांच्या गुरूला चूक दाखवताना लाज वाटत नाही, मग मला शिकताना कशाला वाटायला हवी?"

चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांसाठी

चाळिशीतलं शरीर शिकत नाही असं नाही, त्याला सावरायला वेळ जास्त लागतो. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटायला लागतात. पाळी थांबण्याच्या काळात बायकांच्या हाडांची घनता भराभर उतरते. स्नायू व्यायामाने लवकर सुधारतात, स्नायूबंध मात्र सावकाश. म्हणून "आता जमतंय" असं वाटतं त्याच महिन्यात दुखापत होते! आईच्या अनुभवातून काही गोष्टी:

१. आधी डॉक्टर. हाडांचा ठिसूळपणा, ताब्यात नसलेलं बीपी, मानेचा-मणक्याचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय मॅटवर जाऊ नये.

२. आठवड्यातून दोन दिवस पुरे, मध्ये विश्रांती. रोज जाणारे उत्साही लोक महिन्याभरात गायब होतात.

३. सरावात हार मानायला जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप मारायची. ती वेळेवर मारणं हे पहिलं शहाणपण. पोरं इगोपायी उशीर करतात, आई अजिबात करत नाही.

४. वीस वर्षांच्या दांडग्या मुलाबरोबर मोकळी झुंज नको, आणि "नको" म्हटल्यावर ऐकणारे सर नसतील तर तो क्लासही नको.

५. ज्युदोच हवा असं नाही. गुडघे फार दुखत असतील तर ताई ची बरं, ते संथ असतं आणि तोल सुधारतं. कराटेत पडणं कमी, पण लाथांसाठी कंबर मोकळी लागते. आयकिडोतही उकेमी आहेच.

स्पर्धेची हौस असेल तर ज्युदोत तिशीपुढच्यांसाठी पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात. प्रसिद्ध अमेरिकी शेफ अँथनी बोर्डेन यांनी पन्नाशी उलटल्यावर ब्राझिलियन जिउजित्सू (ज्युदोचीच एक फांदी) सुरू केलं आणि २०१६ मध्ये, ५९ व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेत आपल्या गटात जिंकले.

मी पडले तेव्हा

मे महिन्यात आईने मला क्लासला नेलं. थिअरी मला पाठ होती, वर दिलेलं गणित तिला मीच करून दाखवलेलं. उकिडवी बसले, मागे गेले आणि डोकं धाडकन मॅटवर. हातही मागे टेकलेला, तोच, कॉलिसवाला! आई शेजारी आली, काही न बोलता माझ्या हनुवटीखाली स्वतःचा रुमाल ठेवला आणि म्हणाली, "हा पडू द्यायचा नाही." पुढच्या वेळी डोकं टेकलं नाही. एवढी सोपी गोष्ट फॉर्म्युल्यात कुठेच नव्हती.

आईचा पट्टा अजून पिवळाच आहे. दीड वर्षात कुणाला धड फेकलेलं नाही. पण या दिवाळीत मी पोचले तेव्हा ती स्टुलावर उभी राहून माळ्यावरचे चकलीचे डबे काढत होती, आणि भिंत धरलेली नव्हती.

परवा मेसच्या मावशींना हे सांगितलं. प्लास्टर निघालंय, पण त्या अजून त्या जागेवरून जपून, पाय घासत जातात. म्हणाल्या, "मला जमंल का गं?" जिमखान्यात मॅट पडून आहेत आणि ज्युदो शिकलेला एक सीनियर तयार आहे. रेक्टर मॅडमनी परवानगी दिली तर रविवारी सकाळी सुरू करू. सुरुवात झोपूनच असते, मावशी. जमेल.