मास्टर विठ्ठल

मास्टर विठ्ठल (इ.स. १९०६ – इ.स. १९६९) हे भारतीय मूकपटांतील अभिनेते होते. बालपणी त्यांनी राजापूरकर नाटक मंडळीतून रंगभूमीवर पदार्पण केले. पुढे कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते दाखल झाले व कल्याण खजिना (१९२४) या मूकपटात नर्तिकेच्या रूपात दिसले. मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीच्या रतन मंजरी (१९२६) मध्ये ते प्रथमच नायक झाले. तलवारबाजी व साहसदृश्यांमुळे त्यांना 'भारताचे डग्लस फेअरबँक्स' म्हटले जाई.

१४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या आलम आरा या पहिल्या भारतीय बोलपटाचे ते नायक होते. त्यासाठी करार मोडल्यावरून झालेल्या खटल्यात बॅ. मोहंमद अली जिना यांनी त्यांची बाजू मांडली. मात्र त्यांचे हिंदुस्तानी उच्चार सदोष असल्याने भूमिकेत संवाद फारसे ठेवले नाहीत. बोलपटांच्या काळात त्यांची हिंदीतील लोकप्रियता ओसरली; नेताजी पालकर (१९३९) यांसारख्या मराठी चित्रपटांतून मात्र ते काम करीत राहिले.