नाव एक, नाणी अनेक!

देश निराळे, नोटा निराळ्या, पण चलनाचं नाव तेच! व्यापारी आणि राज्यकर्ते जिथे पोचले, तिथे त्यांच्या नाण्यांची नावंही पोचली. पुढे राज्यं गेली, नावं मात्र तिथेच रुजली.

रुपयाचं गणगोत: सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने चांदीचा रुपया पाडला. आज भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस आणि सेशेल्समध्ये रुपयाच चालतो. इंडोनेशियाचा रुपिया आणि मालदीवचा रुफिया ही त्याची भावंडं. पोर्तुगिजांच्या गोव्यातही 'रुपिया' होता. १९५९मध्ये तिथे एस्कुदोच्या नोटा आल्या, एका रुपियाला सहा एस्कुदो या हिशेबाने. त्याच वर्षी आपल्या रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी वेगळ्या रंगाचे खास रुपये काढले. कारण होतं सोन्याची तस्करी!

दिनार, पण कुठला? रोमन 'देनारियस'चा हा वंशज. गुप्त राजांच्या सोन्याच्या नाण्यांनाही दिनार म्हणत. आज तो कुवेत, इराक, जॉर्डन, ट्युनिशियापासून थेट सर्बियापर्यंत चालतो. भाव मात्र विचारूनच घ्यावा: एका कुवेती दिनाराला तीनहून जास्त अमेरिकी डॉलर मिळतात, तर एका डॉलरला हजाराहून जास्त इराकी दिनार!

खाणीतला डॉलर: बोहेमियातल्या योआखिम्सथालच्या खाणीतल्या चांदीची नाणी म्हणजे 'थालर'. त्यावरूनच डॉलर आला. ऑस्ट्रेलियाने पाउंड सोडताना नव्या चलनाला 'रॉयल' हे नाव जाहीर केलं होतं. लोक इतके नाराज झाले की १९६६मध्ये अवतरला तो डॉलरच.

समुद्रापार पेसो: मेक्सिको, चिली, अर्जेंटिना, कोलंबिया हे सगळे पेसोवाले. मग आशियातल्या फिलिपिन्समध्ये पेसो कसा? १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं मेक्सिकोची चांदी मनिलाला नेत होती, म्हणून!

घरी बंद, बाहेर चालू: ब्रिटनने १९७१मध्ये शिलिंगला रजा दिली, पण केनिया, युगांडा, टांझानिया आणि सोमालियात ते आजही चालतं. फ्रान्सने २००२मध्ये फ्रँक सोडला, पण स्वित्झर्लंडने आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांनी तो जपलाय. त्यातही पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचे सीएफए फ्रँक दोन. दोघांचा युरोशी बांधलेला दर सारखाच, तरी सेनेगलच्या नोटेने कॅमेरूनच्या बाजारात भाजीही घेता येत नाही!