दोन पायऱ्यांवरचा चहा

आरे ते कफ परेड ही सुमारे साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि गिरगावच्या पोटात एक नवे स्थानक आले. स्थानकात लिफ्ट आहे आणि गाडी व फलाट जवळजवळ एका पातळीत आहेत. त्यामुळे चाकाच्या खुर्चीवर बसणारा प्रवासी आता कोणाच्या खांद्याचा आधार न घेता जगन्नाथ शंकरशेट मार्गापर्यंत येऊ शकतो. खोताची वाडी तेथून हाकेच्या अंतरावर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाने वसविलेली, ईस्ट इंडियन कुटुंबांच्या लाकडी व्हरांड्यांची ही वस्ती पाहावयास देशोदेशीचे लोक येतात. वाडीच्या बोळांतून मोटार जात नाही. एरवी ही अडचण मानली जाते. परंतु चाकाच्या खुर्चीला मोटारीविना असलेला बोळ म्हणजे मुंबईत दुर्मीळ असे सुख आहे.

वाडी पाहून झाली की प्रवाशाला चहा हवा असतो. याच वाडीतील अनंताश्रम ही माशांच्या जेवणासाठी ख्यातनाम असलेली खानावळ बंद होऊन बरीच वर्षे लोटली. मग पावले, किंवा चाके, वळतात ती धोबीतलावाच्या दिशेने. जेर महाल इमारतीतील कयानी हे १९०४ सालचे. मरीन लाइन्सचे ससानियन १९१३ सालचे. संगमरवरी टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांतील खारी व नानकटाई आणि बशीत ओतून पिण्याचा दाट चहा. ही मुंबई आता थोडक्याच ठिकाणी उरली आहे आणि ती पाहण्याची इच्छा पाय धड असलेल्यांपुरती मर्यादित नसते. तथापि जुन्या धाटणीच्या अशा उपाहारगृहांच्या दारात बहुधा एक किंवा दोन पायऱ्या असतात, आणि आरेहून गिरगावपर्यंत निर्वेध आलेला प्रवास त्या चौदा इंचांपाशी संपतो.

या दाराचा इतिहास पाहिला म्हणजे त्यातील विसंगती अधिक जाणवते. कोपऱ्याची जागा हिंदू व्यापाऱ्यांना अशुभ वाटे, म्हणून ती इराण्याला स्वस्तात मिळाली, असे सांगतात. कारण काहीही असो, दोन रस्त्यांना दोन दारे असलेले हे हॉटेल ज्या काळात खानावळींतून पंक्तिभेद चालत होता त्या काळात गिऱ्हाइकाची जात विचारीत नसे. गिरणीकामगार, कारकून, वकील आणि परीक्षेची फी जमवू न शकलेला विद्यार्थी एकाच टेबलाशी बसत. पुढे राज्यघटनेने हेच तत्त्व कायद्याच्या भाषेत मांडले. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे आणि धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून तेथील प्रवेश नाकारता येणार नाही, असे म्हटले आहे. त्या यादीत अपंगत्व नाही. घटनाकारांची ही उपेक्षा म्हणता येणार नाही; पायरी हीदेखील प्रवेश नाकारू शकते, हा विचारच त्या काळी जगात फारसा कोठे रुजलेला नव्हता.

तो रुजला, पण उशिराने. १९९५ चा कायदा प्रामुख्याने शासनाला उद्देशून होता आणि 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' या शब्दांनी त्याची धार बोथट केली होती. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने मात्र 'सार्वजनिक इमारत' या संज्ञेत जनता जेथे ये-जा करते अशी खासगी व व्यापारी इमारतही धरली. अस्तित्वात असलेल्या इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात नियम १५ चे पहिले पोटकलमच रद्दबातल ठरविले. कायदा ज्याला बंधनकारक म्हणतो त्याला नियमाने केवळ शिफारशीचे रूप दिले होते, हे त्याचे कारण. बंधनकारक मानके तीन महिन्यांत ठरवा, असा आदेशही झाला. दरम्यान २०१५ च्या डिसेंबरात 'अपंग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला गेला आणि पाहता पाहता रूढ झाला. पाट्या फार लवकर बदलल्या, कारण पाटी बदलणे हे पायरी बदलण्यापेक्षा नेहमीच स्वस्त असते.

पायरी कोणाची?

येथे मालकांना झोडपणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. गणित साधे आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे मान्य प्रमाण एकास बारा. म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट आणि चौदा इंचांच्या दोन पायऱ्यांना चौदा फूट लांबीचा उतार हवा. गिरगावात चौदा फूट रुंदीचा पदपथ शोधूनही सापडणे कठीण. जोते उंच घेण्यामागे पावसाळ्यात तुंबणारे पाणी हे उघड कारण आहे, तेव्हा ते सरसकट खाली आणणेही शहाणपणाचे नाही.

त्याहून बिकट प्रश्न मालकीचा आहे. दक्षिण मुंबईतील असंख्य जुनी दुकाने पागडीची आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठविलेले भाडे १९९९ च्या नव्या कायद्यानंतरही फारसे हलले नाही. हॉटेल चालविणारा भाडेकरू, इमारत घरमालकाची आणि दारापुढचा पदपथ महापालिकेचा. भाडेकरूने पायरी फोडली तर घरमालक हरकत घेईल, उतार पदपथावर आणला तर ते अतिक्रमण ठरेल आणि जो घरमालक गळके छप्पर दुरुस्त करीत नाही तो उतारासाठी खर्च करील, हे संभवत नाही. तिघांच्या सामाईक जबाबदारीचे जे होते तेच येथे झाले आहे. कायदा मात्र अशा थाटात बोलतो की जणू एकच मालक आहे आणि त्याच्या हातात पहार आहे.

मालकांचा एक युक्तिवाद मात्र मुळीच ग्राह्य नाही. 'असे गिऱ्हाईक आमच्याकडे येतच नाही, मग उतार कोणासाठी?' नदीवर पूल नाही तेथे पोहून जाणारे मोजून पुलाची गरज ठरवीत नाहीत. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदविल्या. त्यांत गुडघे धरून पायरी चढणारे वृद्ध आणि बाबागाडी घेऊन आलेली आई यांची गणना नाही. शिवाय असा प्रवासी सहसा एकटा येत नाही. तो परत फिरला म्हणजे टेबलावरचे चार चहा आणि चार ब्रून-मस्का परत जातात. हा तोटा गल्ल्यात कधी दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे समजले जाते.

वारशाचे कारणही पुढे केले जाते. मुंबईचे वारसा विनियम १९९५ पासून आहेत आणि जुन्या वास्तूचे रूप बदलू नये, हे योग्यच आहे. पण काढता-घालता येणाऱ्या लाकडी वा ॲल्युमिनियमच्या फळीने वास्तूचा एक खिळाही हलत नाही. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने जुन्या दुकानांना हाच मार्ग दाखविला: फारसा खर्च वा अडचण न होता जो अडथळा दूर करता येतो, तो आधी दूर करा. एका पायरीला फळी पुरते. दोन पायऱ्या असतील तर कोपऱ्यावरील हॉटेलाचे दुसरे दार पाहावे. रस्त्याला चढ असेल तर एका बाजूची पायरी दुसरीपेक्षा कमी उंचीची निघते. आत दोन टेबले सरकवून तीन फुटांची वाट मोकळी करण्याला तर पैसाही लागत नाही. माळ्यावरची बैठक आणि मागच्या बाजूचे अरुंद शौचालय यांचा प्रश्न अवघड आहे आणि तो फळीने सुटणार नाही, हेही सांगितले पाहिजे.

इराण्याच्या हॉटेलात एक सोय मात्र मुळातच होती. वेटर पदार्थांची नावे एका दमात म्हणून दाखवी, आणि अंध गिऱ्हाइकाला याहून उत्तम दरपत्रक कोणते? आता मोबाइलवर चौकोनी ठिपक्यांचे चित्र टिपून पदार्थ वाचावेत अशी नवी पद्धत सर्वत्र येत आहे. तिने बोलणारे दरपत्रक बंद पाडले तर नवी पायरी उभी राहील.

महापालिकेच्या हातात परवाना आहे. उपाहारगृहाचा परवाना देताना व नूतनीकरण करताना ती स्वच्छतेच्या व अग्निसुरक्षेच्या अटी घालते; त्यांत दाराशी फळी ठेवण्याची व मागताच ती लावून देण्याची अट घालणे कठीण नाही. त्याच वेळी, गिऱ्हाईक आत जाईपर्यंत पदपथावर टेकविलेली फळी अतिक्रमण समजली जाणार नाही, असे एक परिपत्रक काढावे लागेल. नाहीतर एका खात्याने सक्तीने लावावयास लावलेली फळी दुसऱ्या खात्याची गाडी उचलून नेईल.

आणि मेट्रो स्थानक ते वाडी, वाडी ते धोबीतलाव या वाटेवरील पदपथ कोठे तुटतो, कोठे त्यावर दुचाकी उभ्या असतात आणि कोठे रस्ता ओलांडताना एक फुटाची कड लागते, याची पाहणी विभाग कार्यालयाच्या अभियंत्याने एक दिवस चाकाच्या खुर्चीत बसून करावी. अंतर फार नाही. एका सकाळीत ते काम होईल.