मेजावरील युद्धखेळ आणि स्त्रीप्रतिमा

मेजावर योद्ध्यांच्या लहान प्रतिमा मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत स्त्रीला आरंभापासून अपवादाचे स्थान मिळालेले दिसते. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशा खेळाचे नियम सांगणारे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या उपशीर्षकात मुलगे सरसकट गृहीत धरले आहेत. मुलींपैकी मात्र अधिक बुद्धिमान अशा काहींचाच उल्लेख आहे.

ही दृष्टी पुढेही टिकून राहिली. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीच्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ (१९८७) या खेळातील ‘स्पेस मरीन’ हे प्रमुख योद्धे कथेनुसार केवळ पुरुष असतात. ‘सिस्टर्स ऑफ बॅटल’ या स्त्रीसेनेची स्वतंत्र नियमपुस्तिका १९९७ मध्ये निघाली. तथापि त्यांच्या चिलखतांतही स्तनांचा आकार ठळक ठेवण्यात आला.

येथे उत्पादनाचे अर्थकारणही विचारात घ्यावे लागते. प्लॅस्टिकच्या प्रतिमांचे साचे खर्चिक असल्याने मोठ्या खपाची अपेक्षा असेल तेथेच ते बनवले जातात. या सेनेतील सैनिकांच्या प्रतिमा २०१९ पर्यंत मुख्यतः धातूच्याच राहिल्या. प्रतिमा महाग म्हणून ग्राहक मोजके आणि ग्राहक मोजके म्हणून नवे साचे नाहीत, असे हे दुष्टचक्र होते.

२०२४ मध्ये ‘कस्टोडीस’ या सेनेत स्त्रियाही असल्याचे कंपनीने स्पष्ट करताच काही खेळाडूंनी तीव्र आक्षेप घेतला. यावरून असे म्हणता येईल की, प्रतिनिधित्वाचा प्रश्न केवळ स्त्रीप्रतिमांच्या संख्येचा नाही. योद्धा म्हटल्यावर कोण गृहीत धरले जाते, हा तो प्रश्न आहे.