जम्बो (शब्द)

जम्बो (लेखनभेद: जंबो) हा इंग्रजी भाषेतील शब्द असून नेहमीच्या आकारापेक्षा पुष्कळ मोठ्या वस्तूसाठी तो प्रामुख्याने विशेषण म्हणून वापरला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात असलेल्या याच नावाच्या आफ्रिकी हत्तीमुळे तो जगभर रूढ झाला. मराठीतही तो आता परका राहिलेला नाही.

व्युत्पत्ती

हा शब्द हत्तीच्या नावावरूनच जन्मला, अशी सर्वसाधारण समजूत आहे; ती अर्धीच खरी आहे. बोजड, बेढब माणूस किंवा वस्तू या अर्थाने 'जम्बो' हा शब्द इंग्रजी बोलीत १८२३ पासून आढळतो, म्हणजे हत्तीच्या जन्माच्याही बऱ्याच आधी. मात्र त्या वापरात कौतुकापेक्षा हेटाळणी अधिक होती. शब्दाचे मूळ आफ्रिकी असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यासाठी स्वाहिली भाषेतील 'जांबो' हे अभिवादन, 'जुंबे' म्हणजे मुखिया, तसेच 'मम्बो-जम्बो' हा जोडशब्द यांकडे बोट दाखवले जाते. परंतु यांपैकी कोणतीही व्युत्पत्ती सिद्ध झालेली नाही.

हत्ती आणि अर्थबदल

जम्बो हा पूर्व आफ्रिकेत पिल्लू असताना पकडलेला नर हत्ती होता. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातून २६ जून १८६५ रोजी तो लंडनला आला, तेव्हा तो लहान आणि अशक्त होता. त्यामुळे प्रचंड आकारावरून त्याला हे नाव पडले, असे म्हणता येत नाही. उलट तो वाढत गेला तसा नावाचा अर्थ वाढला. मॅथ्यू स्कॉट या माहुताच्या देखरेखीखाली तो लंडनच्या मुलांचा लाडका झाला. असंख्य मुलांनी त्याच्या पाठीवर बसून फेरी मारली.

पूर्ण वाढलेला नर माजावर आला तर आवरणार कसा, ही चिंता प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक अब्राहम बार्टलेट यांना होती. १८८२ मध्ये अमेरिकन सर्कसमालक पी. टी. बार्नम यांनी तो २,००० पौंडांना विकत घेतला. ब्रिटनमध्ये यावरून मोठा गहजब झाला आणि शाळकरी मुलांनी राणी व्हिक्टोरियाला पत्रे लिहिली, तरीही विक्री रद्द झाली नाही. बार्नम यांच्या जाहिरातबाजीतूनच शब्दाचे खरे रूपांतर घडले. शिवणाच्या दोऱ्यासारख्या किरकोळ मालाच्या जाहिरातींवरही जम्बोची चित्रे झळकू लागली आणि एका प्राण्याचे विशेषनाम बघता बघता मालाचे विशेषण बनले.

१५ सप्टेंबर १८८५ रोजी कॅनडातील सेंट थॉमस येथे मालगाडीच्या धडकेने जम्बोचा मृत्यू झाला. बार्नम त्याची उंची सुमारे ४ मीटर सांगत. प्रत्यक्षात ती सुमारे ३.२ मीटर असावी. म्हणजे ज्याच्या नावाने पुढे मोठेपणा मोजला जाऊ लागला, त्याचा स्वतःचा मोठेपणाही काही अंशी जाहिरातीचाच होता.

इंग्रजीतील वापर

'जम्बो' हा शब्द 'मोठा' या अर्थाच्या इतर शब्दांच्या जागी सरसकट चालत नाही. ज्या वस्तूचा एखादा ठरलेला, नेहमीचा आकार असतो, तिच्याच मोठ्या आवृत्तीला तो साधारणतः शोभतो. म्हणून डोंगर, समुद्र किंवा दुःख यांना तो लावला जात नाही. पाकीट, खोका, पेन्सिल यांना मात्र सहज लागतो. शब्दाला बाजाराचा वास आहे, त्यामुळे गंभीर गद्यात तो सहसा टाळला जातो.

काही ठिकाणी त्याला नेमका तांत्रिक अर्थ आहे. अमेरिकेत किमान ३० औंस वजन भरणाऱ्या डझनाची अंडी 'जम्बो' गटात मोडतात. तेथील गृहकर्जांत ठरावीक मर्यादेपलीकडच्या कर्जाला 'जम्बो लोन' म्हणतात. 'जम्बो श्रिम्प' हा शब्दप्रयोग विरोधाभासाचे उदाहरण म्हणून वारंवार दिला जातो, कारण 'श्रिम्प' म्हणजे कोळंबी असली तरी इंग्रजीत तो शब्द किरकोळ माणसासाठीही वापरतात.

सर्वांत परिचित प्रयोग 'जम्बो जेट' हा होय. बोइंग ७४७ या विमानाने ९ फेब्रुवारी १९६९ रोजी पहिले उड्डाण केले आणि हे टोपणनाव त्याला कायमचे चिकटले. एअर इंडियाच्या ताफ्यात हे विमान १९७१ मध्ये 'सम्राट अशोक' या नावाने दाखल झाले. तेच विमान १ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून उड्डाण केल्यावर काही क्षणांतच अरबी समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले.

मराठीतील वापर

मराठीत हा शब्द अविकारी विशेषण म्हणून येतो: जम्बो वडा, जम्बो यादी, जम्बो पाकीट. 'मोठा-मोठी-मोठे' असे लिंगानुसार रूप बदलावे लागत नाही, ही वृत्तपत्रांच्या मथळ्यांना मोठीच सोय आहे. मूळ इंग्रजीत शब्दाचा भर आकारावर असतो. मराठीने तो संख्येवर आणि कालावधीवरही नेला. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर पश्चिम रेल्वे दुरुस्तीसाठी घेते तो कित्येक तासांचा 'जम्बो ब्लॉक' हे याचे ठळक उदाहरण. २०२० मध्ये कोविडच्या साथीत मुंबई आणि पुण्यात मोकळ्या मैदानांवर उभारलेली तात्पुरती रुग्णालये 'जम्बो कोविड केंद्रे' म्हणून ओळखली गेली. तेथे तो शब्द खाटांच्या संख्येबद्दल बोलत होता.

राजकीय वार्तांकनात मात्र शब्दाचा जुना उपहास परत आलेला दिसतो. 'जम्बो कार्यकारिणी' किंवा 'जम्बो मंत्रिमंडळ' म्हटले की सर्वांना खूश ठेवण्यासाठी फुगवलेली यादी असाच अर्थ वाचक घेतो. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केली. त्यामुळे २८८ सदस्यांच्या महाराष्ट्र विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह ४३ पेक्षा अधिक मंत्री होऊ शकत नाहीत. मंत्रिमंडळ या मर्यादेच्या आत असले तरी वृत्तपत्रे हे विशेषण वापरतातच.

क्रिकेटपटू अनिल कुंबळे यांचे 'जम्बो' हे टोपणनावही मराठी वाचकांना परिचित आहे. खेळपट्टीवरून जेट विमानासारखा वेगाने उसळणारा त्यांचा चेंडू हे त्यामागचे कारण सांगितले जाते.