खाडा कुणाच्या नावावर?

कविता लिहिणारी बाई कारखान्यात काय करत होती, असं मला पुष्कळदा विचारलं जातं. मी मस्टर लिहीत होते. बी.ए. झालेली, अक्षर बरं, बेरीज-वजाबाकी चुकत नाही, एवढ्या भांडवलावर १९९० च्या दशकात चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात टाइम ऑफिसात नोकरी मिळाली. पुणे रस्त्यावर, मोहोळच्या अलीकडे ही वसाहत आहे. सकाळी सोलापुरातून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आम्ही बायका तिथं जायचो. माग पुरुषांच्या हाती. टॉवेलच्या कडा शिवणं, लोंबणारे धागे कापणं, घड्या घालणं, पॅकिंग ही कामं बायकांची, आणि त्यातली बरीच उभ्यानं करायची.

मस्टरवर प्रत्येकीच्या नावापुढे तीस-एकतीस चौकोन. जी आली नाही तिच्या चौकोनात फुली मारायची. तिला सगळे खाडा म्हणत. महिन्यात एकही खाडा नसेल तर हजेरी भत्ता मिळायचा. एक खाडा पडला की त्या दिवसाचा पगार जायचाच, वर महिन्याचा भत्ताही जायचा. म्हणजे एक दिवस घरी पडून राहण्याची किंमत दोन-अडीच दिवसांच्या पगाराएवढी.

पाच-सहा महिने मस्टर लिहिल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. काही नावांपुढचे खाडे दर महिन्याला एक-दोन चौकोन मागे सरकत होते. बावीस तारीख, मग वीस, मग अठरा. रजेच्या अर्जात कारणं निरनिराळी असत: ताप, पाहुणे, सासूबाईंची तब्येत. पण आकडे दुसरंच सांगत होते. दुसऱ्या बाईची इतकी खासगी गोष्ट आपल्याला कागदावरून कळावी, याची मला लाज वाटली होती.

आणि ज्या खाडा पाडत नसत त्यांचं काय? एकदा संध्याकाळी फाटकावरच्या झडतीत एका बाईच्या पिशवीत टॉवेलचे दोन तुकडे सापडले. बाद मालातले, कातरून टाकलेले. चोरी म्हणून तिला ऑफिसात आणलं. साहेब विचारत होते, 'कशाला घेतलेस?' ऑफिसात चार पुरुष आणि मी. मला कारण माहीत होतं. सकाळीच ती मला म्हणाली होती, 'मॅडम, लई दुखायलंय, पण खाडा मांडू नका, मी उभी राहते.' मी बोलले नाही. शेवटी तिनं 'चूल पुसायला' असं सांगितलं. माफीनामा लिहून घेतला गेला. तो मीच लिहिला, माझ्या बऱ्या अक्षरात. तिनं खाली अंगठा उठवला.

पाळीच्या दिवसांत बाईला पगारी रजा मालकानं द्यावी की नाही, ही चर्चा अलीकडे वर्तमानपत्रांतून वाचते तेव्हा मला तो माफीनामा आठवतो.

आधी दुखण्याविषयी. पाळीत गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात आणि आतलं अस्तर बाहेर टाकतात. हे घडवून आणणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं जिच्या शरीरात जास्त, तिला कळा जास्त. सोबत मळमळ, जुलाब, चक्कर. काहींना एन्डोमेट्रिओसिससारखा आजार असतो, आणि वर्षानुवर्षं तो ओळखलाच जात नाही. उलट अनेकींना फारसा त्रास होत नाही, त्या रोजच्यासारख्या कामाला येतात. म्हणूनच 'आम्ही नाही का केलं?' असं म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. ती फक्त स्वतःच्या पोटावरून दुसरीच्या पोटाचा हिशेब करत असते.

असलेल्या रजेतून भागवावं, असं काही जण म्हणतात. कारखान्यांच्या कायद्यात वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा आहे. वर्षात तीनशे दिवस भरले तर पंधरा रजा. दर महिन्याला पाळीसाठी एक काढली तर बारा संपल्या. उरल्या तीन. त्यात मुलाचं आजारपण, भावाचं लग्न आणि गावची जत्रा बसवायची. शेजारच्या मागावरच्या पुरुषाकडे मात्र पंधराच्या पंधरा शिल्लक.

बायका गैरफायदा घेतील, हाही एक आक्षेप. मस्टर लिहिलेल्या माणसाला याचं हसू येतं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या रकान्यात किती फुल्या पडायच्या, गड्ड्याच्या यात्रेत किती, पेरणीला किती, हे मी मोजलेलं आहे. त्यावरून पुरुषांच्या रजा बंद करा असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

ही रजा काही आकाशातून पडलेली कल्पना नाही. बिहार सरकारनं १९९२ मध्येच आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवस दिले. मुंबईत २०१७ मध्ये कल्चर मशीन या कंपनीनं पहिल्या दिवसाची पगारी रजा सुरू केली, २०२० मध्ये झोमॅटोनं वर्षाला दहा दिवस दिले. आणि आपल्या अगदी दाराशी, भीमा ओलांडली की जे कर्नाटक लागतं, तिथल्या मंत्रिमंडळानं ऑक्टोबर २०२५ मध्ये महिन्याला एक अशा वर्षाला बारा पगारी रजा मान्य केल्या. सरकारी कचेऱ्यांपासून खासगी कारखान्यांपर्यंत, आणि डॉक्टरचा दाखला न मागता. त्याविरुद्ध मालकांच्या संघटना त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयात गेल्या. महाराष्ट्रात असा कायदा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुने कामगार कायदे जाऊन चार नव्या संहिता लागू झाल्या, त्यांतही ही रजा नाही.

कायदा झाला म्हणजे बाई घरी राहू शकेल असं मात्र नाही. जपाननं १९४७ सालीच ही रजा कायद्यात घातली. आज शंभरात एखादी बाईसुद्धा ती घेताना आढळत नाही. वरिष्ठ पुरुषापुढे जाऊन कारण सांगायचं, हेच त्या बायकांना नको असतं. शिवाय रजेचा पगार द्यायचा की नाही, हे तिथं मालकावर सोडलं आहे.

हे समजायला जपानला जायला नको. आमच्या धर्मात पाळीच्या दिवसांत नमाज माफ आहे आणि ती नंतर भरूनही काढावी लागत नाही. रोजे तेवढे पुढे कधीतरी ठेवायचे. सवलत इतकी स्वच्छ आहे. तरी मुलगी असताना रमजानमध्ये मी त्या दिवसांतही पहाटे सहेरीला सगळ्यांबरोबर उठायचे आणि दिवसभर अब्बांसमोर, भावांसमोर घोटभर पाणी प्यायचे नाही. स्वयंपाकघरात दाराआड उभी राहून भाकरीचा तुकडा घाईनं गिळायचा. शेजारच्या घरात 'कावळा शिवला' म्हणून मैत्रीण तीन दिवस कोपऱ्यात बसायची. तिचं सगळ्या वाड्याला कळायचं, माझं कुणाला कळू द्यायचं नाही. पूर्वीच्या बाजूला बसण्यात बाईला विश्रांती होती, असं हल्ली काही जण कौतुकानं सांगतात. असेलही थोडी. पण जी बाईनं मागितली नाही आणि जिला ती नको म्हणू शकत नाही, तिला मी रजा म्हणणार नाही.

तेव्हा माझं पहिलं म्हणणं असं की बाईच्या खात्यावर दरमहा एक जादा पगारी रजा असावी, आणि ती घेताना कारण लिहायची वेळ येऊ नये. ती घेतल्यानं हजेरी भत्ताही बुडू नये. भत्ता बुडत असेल तर ती रजा नावापुरती.

दुसरी गोष्ट पैशाची. इथं मला मालकांचं म्हणणं अगदीच खोटं वाटत नाही. रजेचा सगळा खर्च एकट्या मालकावर टाकला तर बायका कामावर ठेवणंच तो टाळेल, ही भीती सर्वोच्च न्यायालयानंही जुलै २०२४ मध्ये बोलून दाखवली आणि धोरण ठरवण्याचं काम केंद्र सरकारकडे सोपवलं. खर्च किती, हे मी एकदा कागदावर मांडून पाहिलं. समजा शंभर कामगारांचा कारखाना, त्यात चाळीस बायका. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस, म्हणजे एकूण २,६०० हजेऱ्या. चाळीसजणींनी न चुकता एकेक रजा घेतली तरी चाळीस हजेऱ्या. पगार सारखे धरले तर शेकड्याला दीड रुपया. यानं कारखाना बुडत नाही. पण जिथं सगळ्या कामगार बायकाच आहेत, त्या शिवणकामाच्या छोट्या युनिटला तोच खर्च शेकडा चारच्या जवळ जातो. बायकांना काम देणाऱ्यालाच जास्त भुर्दंड, असा तो उलटा न्याय होतो.

या प्रश्नाशी आपला महाराष्ट्र फार पूर्वी झगडून बसला आहे. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. हा भार मुख्यतः सरकारनं उचलायला हवा हे त्यांनी मान्य केलं, पण बाईच्या श्रमाचा फायदा मालकाला मिळतो, तेव्हा त्यालाही पूर्ण मोकळं सोडता येणार नाही, असं बजावलं. १९२९ मध्ये कायदा झाला, खर्च मालकावर आला. पुढच्या दशकांत गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. त्याला रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं अशी बरीच कारणं होती, पण बाळंतपणाचा खर्च हेही त्यांपैकी एक मानलं जातं.

यावर मार्ग निघाला तो कामगार विम्याचा. १९४८ च्या ईएसआय कायद्यानं मालक आणि कामगार दोघांची वर्गणी एका निधीत जमा होऊ लागली आणि विमा असलेल्या बाईच्या बाळंतपणाचा पगार त्यातून मिळू लागला. कारखान्यात बायका किती, यावर मालकाची वर्गणी ठरत नाही, त्यामुळे बाई नको म्हणण्याचं कारण उरत नाही. पाळीच्या रजेचा पैसा याच वाटेनं यावा. स्पेननं २०२३ मध्ये असंच केलं. तिथं डॉक्टरचा दाखला लागतो, पण पैसे मालक देत नाही, सरकारी निधी देतो. आपल्या ईएसआयमध्ये आजारपणाचा भत्ता आहे, पण त्या कायद्यात एक मेख होती: आजाराचे पहिले दोन दिवस धरायचे नाहीत. किरकोळ दुखण्यासाठी कुणी येऊ नये म्हणून घातलेली ही अट असणार. पण पाळीचं दुखणं पुष्कळदा एक-दोन दिवसांचंच असतं!

आता ज्यांच्या नावाचं मस्टरच नाही, त्यांचं. हिवाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांसाठी बीडकडून, धाराशिवकडून ऊसतोड्यांच्या गाड्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि एक दिवस चुकला की मुकादम दंड लावतो. त्या दंडालाही खाडाच म्हणतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तपासणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांची शस्त्रक्रिया झालेली होती. प्रत्येकीचं कारण खाडा हेच होतं असं नाही. दुखणं अंगावर काढणं आणि डॉक्टरांनी दाखवलेली कर्करोगाची भीतीही त्यात होती. पण पाळी आणि खाडा दोन्ही एकदम मिटवण्याचा हा इलाज होता, हे त्या बायकांनी स्वतःच सांगितलं.

तीच गत आमच्या सोलापूरच्या विडी वळणाऱ्या बायकांची. हजार विड्यांमागे मजुरी. जिथं दिवसाचा पगारच नाही, तिथं पगारी रजा कुठल्या चौकोनात मांडणार? मला एवढंच सुचतं की वर्षभरात वळलेल्या विड्यांवरून दिवसाची सरासरी काढावी आणि बारा दिवसांचे पैसे कल्याण निधीतून द्यावेत. ऊसतोडीत तर त्याआधी दंड बंद करायला हवा.

चिंचोळीच्या कारखान्यात आमच्यासाठी एकच संडास होता, गोदामाच्या मागे. पाणी बाहेरून बादलीनं न्यायचं, कपडा टाकायला जागा नाही. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नसत. रजा महिन्यातून एक दिवस मिळेल, बाकीच्या दिवशी तर तिथंच जायचं. दाराला कडी, नळाला पाणी आणि झाकणाचा डबा, यांना संहितेची वाट पाहायची गरज नव्हती.

मस्टर आता गेलं. अंगठा लावायचं यंत्र आलं. आमच्या गल्लीतला एक मुलगा एमआयडीसीत अशी यंत्रं बसवतो. त्याच्याकडून कळलं की रजेचे प्रकार त्यात आधीच भरलेले असतात, आपण नुसता निवडायचा. मी विचारलं, आणखी एक प्रकार घालायचा झाला तर किती वेळ लागेल?

'दोन मिनिटं, आपा,' तो म्हणाला. 'पण नाव काय टाकायचं, ते साहेबांना विचारावं लागेल.'